दत्तात्रय बळवंत पारसनीस

रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस (२७ नोव्हेंबर १८७० – ३१ मार्च १९२६) हे मराठी इतिहाससंशोधक, चरित्रकार, संपादक आणि ऐतिहासिक कागदपत्रांचे संग्राहक होते. त्यांचे बहुतेक कार्य सातारा येथे झाले. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई, धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी व बायजाबाई शिंदे यांची चरित्रे, ‘भारतवर्ष’ व ‘इतिहाससंग्रह’ ही मासिके आणि चार्ल्स ऑगस्टस किंकेड यांच्यासह सिद्ध केलेला मराठ्यांचा त्रिखंडात्मक इंग्रजी इतिहास यांसाठी ते ओळखले जातात. वाडे, घाट, देवालये, रेसिडेन्सी आणि बंगले यांच्या आधारे एखाद्या गावाचा इतिहास सांगणारी त्यांची महाबळेश्वर, सांगली व पुणे यांवरील इंग्रजी पुस्तके तुलनेने कमी वाचली जातात. तथापि वाई, पाचगणी, महाबळेश्वर या टापूच्या स्थानिक इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास त्यांच्या कामाची दखल घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पार्श्वभूमी

पारसनीस हे आडनाव ‘फारसीनवीस’ या हुद्द्यावरून आले आहे. फारसी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या दरबारी लेखकास ही संज्ञा होती. जुन्या कागदांत आयुष्य घालवणाऱ्या माणसाला ते शोभून दिसले, हा योगायोगच म्हणावा लागेल.

ज्या साताऱ्यात त्यांनी काम केले, त्या गावाला इतिहासलेखनाची परंपरा आधीच लाभलेली होती. १८१८ साली मराठी सत्तेचा अस्त झाल्यावर कॅप्टन जेम्स ग्रँट डफ यांची साताऱ्यास नेमणूक झाली. छत्रपती प्रतापसिंह यांच्या दरबारी राहून त्यांनी जे कागद पाहिले व जमवले, त्यांतून १८२६ साली त्यांचा मराठ्यांचा इतिहास लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे या ग्रंथाला एतद्देशीयांकडून गंभीर आव्हान मिळाले नाही. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ च्या सुमारास ग्रँट डफ यांच्या ग्रंथावर टीका लिहिली आणि मूळ कागद मराठी माणसाने स्वतः शोधले पाहिजेत, हा विचार बळावला. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक सुरू झाले. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी त्यातून बखरी आणि पत्रे छापण्यास आरंभ केला.

पारसनीस वयात आले तेव्हा ही चळवळ अशी अर्ध्या वाटेवर होती. कागद आहेत हे सर्वांना ठाऊक होते, पण ते कोठे आहेत आणि त्यांच्या मालकांकडून ते कसे मिळवावेत, हे थोड्यांनाच साधत होते.

आरंभीचे लेखन

पारसनिसांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले नाही. १८८७ साली, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी ‘महाराष्ट्र कोकिळ’ हे मासिक काढले. या नियतकालिकातून त्यांना मुद्रण, वर्गणीदार आणि पत्रव्यवहार यांचा जो अनुभव मिळाला, तो पुढील सर्व उद्योगांत उपयोगी पडला.

१८९४ मध्ये ‘झांशी संस्थानच्या महाराणी लक्ष्मीबाईसाहेब ह्यांचे चरित्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८५७ च्या उठावाला तेव्हा चाळीस वर्षेही झालेली नव्हती. राणीचे दत्तक पुत्र दामोदरराव हयात होते आणि इंग्रजी लेखनात राणीवर झाशीतील युरोपियनांच्या हत्येचा ठपका ठेवलेला होता. पारसनिसांनी तो ठपका नाकारला. त्यासाठी त्यांनी इतर साधनांबरोबर आग्र्याच्या मार्टिन नावाच्या गृहस्थाने १८८९ साली दामोदररावांना लिहिलेले पत्र ग्रंथात दिले. या पत्रावर पुढील अभ्यासकांनी पुष्कळ खल केला आहे. राणी मूळची इंग्रजांशी वैर धरणारी नव्हती, परिस्थितीने तिला युद्धात ओढले, असा या चरित्राचा एकंदर रोख आहे. हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांना तो पटला नाही. झाशीच्या परिसरात ऐकलेल्या हकिकती वेगळ्या असल्याचे त्यांनी आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत नमूद केले. चोवीस वर्षांच्या लेखकाने सरकारी रोष न ओढवता राणीची बाजू कशी मांडली, हे पाहण्यासाठी आजही हा ग्रंथ उपयुक्त आहे. मात्र त्याच सावधगिरीमुळे राणीचे चित्र काहीसे मवाळ झाले, हा आक्षेपही निराधार नाही.

यानंतर ‘मराठ्यांचे पराक्रम : बुंदेलखंड प्रकरण’, ‘बायजाबाई शिंदे यांचे चरित्र’ (१९०२), ‘मराठ्यांचे आरमार’ (१९०४) आणि ‘तंजावरचे राजघराणे’ (१९१२) ही पुस्तके प्रसिद्ध झाली.

ब्रह्मेंद्रस्वामी आणि वसईचे कागद

सातारा शहराजवळच्या धावडशी गावी ब्रह्मेंद्रस्वामींचे वास्तव्य होते. पहिले बाजीराव, चिमाजी आप्पा आणि दरबारातील अनेक सरदार त्यांना गुरुस्थानी मानत. त्यांना कर्जे मागत आणि लढायांच्या हकिकती कळवत. १७४५ साली स्वामींचे निधन झाले. या पत्रव्यवहाराचा मोठा भाग पारसनिसांनी मिळवला आणि १९०० साली तो स्वामींच्या चरित्रासह प्रसिद्ध केला.

या संग्रहात वसईच्या १७३९ मधील मोहिमेसंबंधीची पत्रे आहेत. पोर्तुगिजांच्या त्या किल्ल्यात चर्च व मठ यांची दाटी होती. किल्ला पडल्यावर तेथील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आणल्या गेल्या आणि निरनिराळ्या देवालयांत टांगल्या गेल्या. वाईजवळ कृष्णाकाठी मेणवली येथील घाटावर अशी एक घंटा आजही आहे. तिच्यावर १७०७ हे साल असून बाळ येशूसह मेरीची आकृती कोरलेली आहे. चर्चची घंटा शिवालयाच्या घाटावर कशी आली, या प्रश्नाचे उत्तर घाटावर उभे राहून मिळत नाही. ते धावडशीच्या कागदांत शोधावे लागते. वास्तू आणि दप्तर यांची अशी सांगड हेच पारसनिसांच्या पुढील कामाचे वैशिष्ट्य ठरले.

स्वामींविषयीचे त्यांचे मत आदराचे आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी त्याच सुमारास स्वामींच्या राजकीय महत्त्वाविषयी बरेच कठोर विवेचन केले. या दोन संशोधकांतील पुढच्या दुराव्याची बीजे येथे दिसतात.

वाड्यांतील दप्तरे आणि मेणवली

अठराव्या शतकात मराठी राज्याचा कारभार बऱ्याच अंशी अधिकाऱ्यांच्या घरांतूनच चाले. फडणीस, चिटणीस, सरदार किंवा सावकार यांच्या वाड्यात कारकून बसत. पत्रांच्या नकला तेथेच ठेवल्या जात. कागद रुमालांत बांधून माळ्यावर किंवा बळदात ठेवण्याची रीत होती. सत्ता गेल्यावर हे रुमाल घरच्यांच्या दृष्टीने इनाम, वतन व हिस्सेवाटणी यांपुरतेच कामाचे उरले. वाळवी, गळकी छपरे आणि रद्दीवाले यांनी उरलेले काम केले. घराण्यांना आणखी एक भीती असे, ती म्हणजे जुना कागद बाहेर गेल्यास सरकार इनामाची चौकशी उकरून काढील. इनाम कमिशनच्या आठवणी ताज्या असल्याने ही भीती अनाठायी नव्हती.

अशा वातावरणात कागद बाहेर काढण्यास केवळ विद्वत्ता पुरेशी नव्हती. पारसनिसांपाशी मालकांशी गोड बोलून, त्यांच्या घराण्याचा गौरव छापण्याचे आश्वासन देऊन, प्रसंगी पैसे मोजून कागद मिळवण्याचे कसब होते. संस्थानिक आणि इंग्रज अधिकारी या दोहोंचा विश्वास त्यांनी संपादन केला. ऐतिहासिक चित्रे व जुन्या वस्तू याही त्यांनी जमवल्या.

त्यांच्या हाती आलेला सर्वांत मोलाचा संग्रह मेणवलीचा होय. पाचगणीच्या पठाराखाली, पसरणी घाट उतरून वाईस आले की तेथून थोड्याच अंतरावर हे गाव लागते. नाना फडणीसांनी तेथे नदीकाठी अनेक चौकांचा वाडा, घाट आणि देवालये बांधली. १८०० साली नाना वारले. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी जिऊबाई यांचे वास्तव्य येथे होते आणि नानांचे खासगी दप्तरही याच वाड्यात राहिले. पुण्याच्या सरकारी दप्तरात नसलेली कितीतरी गुप्त व खासगी पत्रे त्यात होती. पेशवाईच्या उत्तरार्धाचे राजकारण हैदराबाद, नागपूर, ग्वाल्हेर, म्हैसूर, मुंबई अशा अनेक ठिकाणच्या वकिलांच्या पत्रांतून चाले आणि ती सारी पत्रे अखेर नानांकडे येत. त्यामुळे एका खेड्यातील एका वाड्यात अर्ध्या हिंदुस्थानच्या बातम्या साठवलेल्या होत्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. हे मेणवली दप्तर पारसनिसांनी नानांच्या वंशजांकडून मिळवले.

याच तालुक्यात दुसराही शोध लागला होता. वाईतील एका वाड्यात मिळालेल्या पानिपतच्या काळातील पत्रांवरून राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. दक्षिणेस मिरज येथे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरांवरून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला होता. आजच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील तीन माणसे एकाच दशकात वाड्यांतील रुमाल सोडवत होती. तिघांच्या रीती मात्र अगदी निराळ्या होत्या. खरे एका घराण्याच्या कागदांना चिकटून राहिले आणि त्यांनी कथासूत्र जोडत ते छापले. राजवाडे गावोगाव पायपीट करत आणि प्रत्येक खंडास प्रदीर्घ प्रस्तावना जोडत. पारसनिसांनी वेचक कागद सुबक रूपात, चित्रांसह आणि सामान्य वाचकास कळतील असे छापले.

मासिके आणि दप्तरखान्यातील काम

१८९८ मध्ये पारसनिसांनी ‘भारतवर्ष’ हे मासिक सुरू केले. कादंबरीकार हरि नारायण आपटे त्यांचे सहसंपादक होते. हे मासिक अल्पजीवी ठरले. ऑगस्ट १९०८ मध्ये ‘इतिहाससंग्रह’ निघाले आणि ते १९१६ पर्यंत चालले. मेणवलीच्या संग्रहासह अनेक घराण्यांचे कागद, स्फुट लेख आणि टिपणे त्यात आली. संदर्भग्रंथ म्हणून या मासिकाचे जुने अंक आजही हाताळले जातात. मूळ कागद नेमका कोणाकडून आला हे प्रत्येक वेळी सांगितलेले नसल्याने अभ्यासकाची अडचण होते.

पुण्याच्या पेशवे दप्तरात त्या काळी संशोधकांना मोकळा प्रवेश नव्हता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रयत्नांमुळे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले उतारे प्रकाशनास खुले झाले. त्यातून शाहू महाराज व पेशवे यांच्या रोजनिशांचे भाग निघाले. वाड यांनीच निवडलेल्या आणखी चार संग्रहांचे संपादन पारसनिसांनी पुरुषोत्तम विश्राम मावजी यांच्यासह केले. ते असे : ‘कैफियती, यादी वगैरे’ (१९०८), ‘वतनपत्रे, निवाडपत्रे वगैरे’ (१९०९), ‘सनदापत्रांतील माहिती’ (१९१३) आणि ‘तह व करारमदार’ (१९१४). गावगाडा, न्याय आणि वतनसंस्था यांच्या अभ्यासकांस हे संग्रह चरित्रग्रंथांपेक्षाही अधिक उपयोगी पडले आहेत.

स्थलवर्णनपर ग्रंथ

इंग्लंडात स्थानिक इतिहासाची परंपरा जुनी आहे. जॉन स्टो यांनी १५९८ साली लंडनचे वर्णन प्रसिद्ध केले. विल्यम डगडेल यांनी १६५६ मध्ये वॉरिकशायर परगण्याचा इतिहास लिहिला. तेथील अभ्यासक गावात गेला की प्रथम चर्चकडे वळतो. थडग्यांवरील लेख, भिंतींवरील स्मृतिफलक आणि १५३८ पासून ठेवण्यात आलेल्या जन्म, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या त्याला तेथे सापडतात. नंतर तो जमीनदाराच्या जुन्या घराकडे जातो, कारण खंडपत्रे व हिशेब तेथे असतात. १८९९ साली इंग्लंडच्या सर्व परगण्यांचे इतिहास क्रमाने लिहिण्याची मोठी योजनाही सुरू झाली.

महाराष्ट्रात चर्चच्या नोंदवहीची जागा देवालयाचे शिलालेख, क्षेत्रोपाध्यांच्या वह्या आणि वाड्यांतील रुमाल यांनी घेतलेली आहे. पण जेथे इंग्रज स्वतः वस्ती करून राहिले, तेथे दोन्ही प्रकारची साधने शेजारी शेजारी आढळतात. पारसनिसांच्या परिसरात तर ती एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतात. वाई व मेणवलीचे वाडे आणि घाट पाहून पसरणी घाट चढला की सुमारे १२ किलोमीटरवर पाचगणी लागते. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधले हे पठार १८६० च्या दशकात, सर बार्टल फ्रियर मुंबईचे गव्हर्नर असताना, हवा खाण्याचे ठिकाण म्हणून वसवले गेले. जॉन चेसन यांनी त्याची देखरेख केली आणि सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडे येथे लावून जगवली. दगडी बांधणीच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात चेसन यांचे थडगे आहे. चर्च, दफनभूमी, उतरत्या छपरांचे बंगले आणि नंतर निघालेल्या निवासी शाळा यांतून या गावाचा इतिहास इंग्लंडमधील एखाद्या परगण्याप्रमाणे वाचता येतो. फरक इतकाच की येथील सर्वांत जुनी नोंद दीडशे वर्षांच्या फार मागे जात नाही आणि भोवतालच्या पाच गावांची आठवण तिच्याहून कितीतरी जुनी आहे.

तेथून १९ किलोमीटरवर असलेल्या महाबळेश्वरावर पारसनिसांनी १९१६ साली इंग्रजीत सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. कृष्णेच्या उगमाचे जुने क्षेत्र आणि इंग्रजांनी वसवलेले मालकम पेठ ही दोन गावे त्यांनी एकाच कथानकात आणली. १८२४ साली पीटर लॉडविक हे या पठारावर आले. पुढे गव्हर्नर सर जॉन मालकम यांनी १८२९ च्या करारान्वये छत्रपती प्रतापसिंहांकडून ही जागा घेतली आणि बदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव दिले. साताऱ्याहून वर येणारा रस्ता प्रतापसिंहांनी बांधला. माउंट मालकम हा बंगला, १८३१ मध्ये येथेच वारलेले सेनापती सर सिडनी बेकविथ यांचे स्मारक, १८४२ मधील ख्राइस्ट चर्च, चिनी व मलायी कैद्यांच्या तुरुंगाची जागा, फ्रियर हॉल या सर्व खुणा त्या एकाच करारानंतरच्या आहेत. ज्या राजाने ही जागा दिली, त्यालाच १८३९ साली कंपनी सरकारने पदच्युत करून काशीस पाठवले. एका डोंगरावरील बंगल्यांचा इतिहास आणि सातारच्या गादीचा इतिहास यांना वेगळे करता येत नाही ते यामुळेच.

१९१७ साली ‘सांगली संस्थान’ या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. मिरजेच्या पटवर्धनांपासून वेगळे होऊन चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगली ही राजधानी केली, ती घटना आणि त्यानंतरच्या संस्थानाची हकिकत हा त्याचा विषय आहे. संस्थानिकाच्या घराण्याविषयी लिहिताना पारसनिसांचा हात नेहमीच आखडता असे. या पुस्तकातही टीकेला फारशी जागा नाही.

१९२१ मध्ये जुन्या पुण्यावरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. या मालिकेतील ते सर्वांत वाचनीय आहे. पुण्यातील इंग्रजी इतिहास पलटणीच्या छावणीतून सुरू होतो, असा समज होता. बिशप हेबर यांनी १८२५ मध्ये ज्याचे पवित्रीकरण केले, ते सेंट मेरीज चर्च व त्याभोवतीचा लष्करी कॅम्प डोळ्यांसमोर असल्याने तो होणे स्वाभाविक होते. परंतु मुळा आणि मुठा यांच्या संगमावर १७८६ पासूनच चार्ल्स मॅलेट हे कंपनीचे रेसिडेंट म्हणून राहत होते. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्यांच्या आश्रयास होता आणि गंगाराम तांबट यांच्यासारखे एतद्देशीय कलावंत त्या वर्तुळात काम करत. सवाई माधवराव व नाना फडणीस यांची आज सर्वपरिचित असलेली चित्रे वेल्स यांच्या कुंचल्यातून उतरली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईच्या दिवशी संगमावरील रेसिडेन्सी जाळली गेली आणि एल्फिन्स्टन यांच्या ग्रंथसंग्रहाची राख झाली. इमारत नाहीशी झाली, तरी तिचा पत्रव्यवहार मुंबई, कलकत्ता व लंडन येथे उरला. गोविंद सखाराम सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांनी १९३६ पासून तो खंडशः प्रसिद्ध केला.

ही पुस्तके इंग्रजीत लिहिण्यामागे अधिकारी, प्रवासी आणि संस्थानिक हा वाचकवर्ग पारसनिसांच्या डोळ्यांसमोर होता. मोठा कागद, भरपूर चित्रे आणि आर्जवी सूर ही त्यांची बाह्य लक्षणे. इंग्रज अधिकाऱ्यांविषयी त्यांत दिसणारा अतिरिक्त आदर आजच्या वाचकास खटकतो. पण बंगल्याच्या नावामागचा माणूस आणि त्याच्यामागचा करार शोधण्याची पद्धत त्यांनी येथे पाडली, हेही मान्य करावे लागते.

किंकेड यांच्यासह इतिहासलेखन

सनदी अधिकारी चार्ल्स ऑगस्टस किंकेड यांना मराठी भाषा आणि दंतकथा यांची आवड होती. त्यांच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९१८, १९२२ आणि १९२५ मध्ये प्रकाशित केले. लेखन मुख्यतः किंकेड यांचे आणि साधनसामग्री पारसनिसांची, अशी कामाची वाटणी होती. ग्रँट डफ यांच्या नंतर इंग्रजीत झालेला हा पहिला मोठा सलग इतिहास होय. त्याची शैली गोष्टीवेल्हाळ आहे. बखरीतील प्रसंग आणि समकालीन पत्रे यांचे मूल्य त्यात नेहमीच वेगवेगळे जोखलेले नाही, त्यामुळे संशोधकांनी त्याचे स्वागत बेताचेच केले.

मतभेद व टीका

पारसनीस आणि राजवाडे यांच्यातील विरोध हा केवळ दोन स्वभावांचा नव्हता. राजवाडे सरकारी साहाय्याच्या विरुद्ध होते. १९१० साली पुण्यात त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हा कागद ही समाजाची ठेव आहे आणि ती संस्थेत राहावी, ही भूमिका पुढे आली. पारसनिसांचा संग्रह मात्र त्यांच्या घरी होता. साताऱ्यातील हॅपी व्हेल या निवासस्थानी तो पाहण्यासाठी येणाऱ्यास त्यांची मर्जी सांभाळावी लागे. कोणता कागद छापावा, कोणता राखून ठेवावा, याचा निर्णय ते एकटे घेत. इंग्रज सरकार अथवा एखादे संस्थान यांना न रुचणारे कागद त्यांनी मागे ठेवले, असा संशय त्यांच्या समकालीनांत होता.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. रुमाल वाड्यातून उचलला की तो वाचतो. पण ज्या घरात, ज्या क्रमाने तो ठेवला होता, तो क्रम मोडतो. मेणवलीचा कागद मेणवलीच्या वाड्यात असताना त्याच्या शेजारचे हिशेब, याद्या व घरगुती चिठ्ठ्या यांच्यासह तो एक अर्थ सांगत असतो. त्यातून निवडून काढलेले राजकीय पत्र सुटे पडते. या दोषाची जाणीव त्या पिढीतील फार थोड्यांना होती. राजवाडेही त्यातून सर्वस्वी मुक्त नव्हते.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. ज्या घराण्यांनी पारसनिसांना कागद दिले नाहीत, त्यांपैकी अनेकांचे कागद पुढे कोणालाच मिळाले नाहीत. जदुनाथ सरकार यांनी पारसनिसांच्या मृत्यूनंतर राजवाडे, साने आणि खरे यांच्या पंक्तीत बसवून त्यांच्यावर लेख लिहिला, तो प्रामुख्याने संग्राहक म्हणून त्यांनी केलेल्या कार्यामुळेच.

संग्रहालय आणि अखेर

संग्रह खासगी घरात सुरक्षित राहणार नाही, हे पारसनिसांना उतारवयात पटले होते. मुंबई सरकारच्या साहाय्याने साताऱ्यात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि १९२५ च्या सुमारास त्यांचे कागद, चित्रे व वस्तू त्यात गेल्या. ज्या सरकारशी जवळीक ठेवल्याबद्दल त्यांना आयुष्यभर बोल लावला गेला, त्याच जवळिकीमुळे हे संग्रहालय शक्य झाले.

३१ मार्च १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी राजवाडेही धुळे येथे वारले. खरे त्याआधी दोन वर्षे, १९२४ मध्ये गेले होते. पेशवे दप्तर अभ्यासकांना खऱ्या अर्थाने उघडे झाले ते यानंतर, सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० पासून प्रसिद्ध झाले तेव्हा.

साताऱ्याचे संग्रहालय फार काळ तेथे राहिले नाही. १९३९ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेच्या रूपाने पुन्हा सुरू झाले, तेव्हा पारसनिसांचा संग्रह तेथे हलवण्यात आला. तेथील मराठा इतिहास संग्रहालयाचा तो गाभा आहे. मेणवली दप्तराचे कागदही तेथेच पाहावयास मिळतात. मेणवलीचा वाडा मात्र कृष्णेकाठी उभा आहे. त्याच्या भिंतींवर जुन्या चित्रांचे अवशेष आहेत आणि घाटावर वसईची घंटा टांगलेली आहे.